पावणेपंधराची खूण

लाईट सकाळी सहाला यायची आणि दुपारी बाराला जायची. त्या सहा तासांत जेवढ्या बॅटऱ्या भरून घेता येतील तेवढ्या घ्यायच्या. म्हणून ती पाचलाच अंगणापलीकडच्या खोलीचं दार उघडायची, दोन्ही खिडक्या उघडायची, कोंडलेला आंबूस वास बाहेर जाऊ द्यायची आणि मग ओल्या फडक्यानं चार्जरची काच पुसायची. चार्जर लोखंडी होता, हिरवा, कमरेएवढ्या उंचीचा. वर काचेआड व्होल्ट दाखवणारा काटा, खाली तो फिरवायची काळी कळ. काचेवर लाल रंगाची एक बारीक रेघ होती. चौदा आणि पंधराच्या मध्ये, पंधराकडे झुकलेली. पावणेपंधरा. फडकं त्या रेघेवरून जाताना ती हात हलका करायची.

रेघ नवऱ्यानं काढली होती. ऐन थंडीत, इस्पितळात जायच्या सकाळी, सायकलच्या उरलेल्या रंगात काडी बुडवून. श्वास पुरत नव्हता, म्हणून वाक्याचे तुकडे करत तो म्हणाला होता, "काटा इथं ठेव. मी येईपर्यंत. हलवू नकोस."

आठव्या दिवशी दीर एकटाच परत आला. हातातल्या पिशवीत नवऱ्याच्या चपला होत्या.

त्यानंतर थंडी गेली. कधी गेली ते तिला कळलं नाही. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून लोकरीचं अंगात घालून काय बसलीस," तेव्हा तिनं ते काढून ठेवलं.

त्या आजारपणातच तिनं काम शिकून घेतलं होतं. लाल चिमटा लाल खुंटीला, काळा काळ्याला. पाण्याच्या बॅटऱ्यांची बुचं आधी सैल करायची. आतल्या पट्ट्या बुडतील इतकं पाणी, त्याहून जास्त नाही. बुचं नसलेल्या, बंद बॅटऱ्या वेगळ्या फळीवर. एवढं आलं की झालं. त्याआधी चौदा वर्षं ती फळं निवडायच्या शेडमध्ये जात होती, सकाळी सातला निघून दिवेलागणीला परत. नवरा दिवसभर खोलीत काय करतो ते तिनं सुट्टीच्या दिवशी पाहिलं असेल तेवढंच. बॅटरीवर उलटा हात ठेवून उभा राहायचा, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. तिला वाटायचं, सवय आहे. कुणी मिशी ओढतं, कुणी बोटं मोडतं.

या वर्षी ऊन लवकर आलं आणि बागांवर कीड घेऊन आलं. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी, पिठासारखी. आठ-दहा दिवसांत फवारलं नाही तर फळ गळणार, असं सगळेच म्हणत होते. पाठीवरचे पंप बॅटरीवर चालणारे. बॅटरी संपली की पंप म्हणजे पाठीवरचं नुसतं ओझं. त्यामुळे सकाळी सहाच्या आधीच अंगणात रांग लागायची. कुणी बॅटरी काखेत घेऊन, कुणी डोक्यावर, कुणी सायकलच्या दांडीला पिशवीत लटकवून.

रांगेत पहिला बहुतेक वेळा कासव असायचा. मजुरीनं फवारणी करणारा, पन्नाशीचा, वाकलेला. वर्षानुवर्षं पाठीवर टाकी, म्हणून कासव. नाव कुणी पाडलं ते त्यालाही आठवत नव्हतं. हाक मारली की ओ द्यायचा.

"वहिनी, आज दहाला मिळेल ना? सात ओळी राहिल्यात. मालक बांधावर खुर्ची टाकून बसतो."

"मिळेल."

"काल पाचव्या ओळीत मान टाकली हिनं. नवी होती तेव्हा दोन दिवस जायची."

तिनं बॅटरी घेतली. हाताला जड, कोपरे गोलसर. गोलसर का, असं मनात आलं आणि गेलं. तिनं चिमटे लावले. काटा थरथरला आणि रेघेवर जाऊन बसला.

दहा वाजता ऊन पत्र्यावर उतरलं. पत्रा कडकड वाजू लागला. खोलीत सोळा बॅटऱ्या होत्या. पाण्याच्या बॅटऱ्यांतून बुडबुड आवाज येत होता, डाळ शिजावी तसा, आणि नाकाला झोंबणारा वास. तिच्या बाहीला बॅटरीतल्या तेजाबानं पडलेली भोकं होती. एकेका भोकात बोट जाईल एवढी. ती दारात बसून होती. आत काही बिघडलं आहे हे कळायला काही वाटावं लागतं. तिला काही वाटत नव्हतं. वास येत होता, एवढंच.

कासव आला. बॅटरी घेऊन अंगणात उकिडवा बसला, पंप आडवा केला आणि तळातल्या खणात ती बसवू लागला. बसेना. फिरवून पाहिली. पायानं दाबून पाहिली. मग नीट बघितली. दोन्ही बाजू फुगल्या होत्या.

रांगेतल्या एकानं मान लांब केली. "कितवा महिना रे?"

दोघंतिघं हसले. "वहिनींच्या हाताला यश आहे," दुसरा म्हणाला. आणि मग, काय बोललो ते उशिरा कळल्यासारखा, जमिनीकडे बघू लागला. तिला मूलबाळ नव्हतं हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

कासव हसला नाही. त्यानं बॅटरी जमिनीवर ठेवली. "तीन आठवडे रोज इथंच देतोय," तो म्हणाला. भांडणासाठी नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तो होता तेव्हा दोन वर्षांत हिला काही झालं नाही."

तिनं बॅटरी उचलली. चटका बसला, तरी लगेच खाली ठेवली नाही. चटका दुसऱ्या कुणाला तरी बसतोय असं वाटत राहिलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

घरात सासूबाईंच्या खाटेशी छोटा पंखा होता. तो दिवसभर बॅटरीवरच चालायचा. बॅटरी पंपाचीच होती, नवऱ्यानं त्याला जोडून दिलेली. तिनं वायरी सोडवल्या. पंखा दोन फेरे फिरून थांबला.

"बॅटरी संपली का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना उजेड-अंधार कळायचा, त्यापलीकडे फारसं दिसत नव्हतं.

"नाही आई. बॅटरी देतेय कासवला. त्याची गेली."

"कशानं गेली?"

"माहीत नाही."

कासवनं ती बसवली, कळ दाबून पाहिली, पंप गुरगुरला. पाठीवर टाकी चढवताना त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फाटकातून गेला.

दीर तिन्हीसांजेला आला. तो दोन घरं सोडून राहायचा, टेम्पोवर होता. आत न येता खोलीच्या दारातूनच त्यानं फळीवरच्या बॅटऱ्या बघितल्या.

"वहिनी, गावभर झालंय."

"काय?"

"हेच. कासवची फुगली. काल त्या चष्मेवाल्या बागायतदाराच्या दोन गरम होत्या. तो म्हणतोय, उद्यापासून माझ्या सहाच्या सहा फाट्यावरच्या दुकानात." त्यानं चपलेतला खडा झटकला. "त्या दुकानवाल्याला चार्जर हवाय. खोलीत आम्ही मालाची खोकी ठेवू. तुमचं शेडमधलं काम काही कुठं गेलं नाही. मुकादम अजून विचारतो तुमच्याबद्दल."

"हे करायचं म्हणून सोडलं ना ते."

"दादानं सांगितलं म्हणून." त्याचा आवाज खाली आला. "दादा होता तेव्हाची गोष्ट वेगळी. हे हाताचं काम आहे, वहिनी. नुसतं चिमटे लावायचं नाही. उद्या एखादी फुटली, कुणाच्या डोळ्यांत तेजाब गेलं, मग?"

तो वाईट माणूस नव्हता. इस्पितळात आठ दिवस त्यानंच पाय दाबले होते.

"शनिवारी सकाळी टेम्पो लावतो," तो म्हणाला. "तोपर्यंत एक जरी बॅटरी आणखी फुगली, तर माझ्याशी वाद घालू नका."

"आणि नाही फुगली तर?"

त्यानं यावर विचार केला नव्हता. "मग बघू," म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी तिनं जे जे आठवत होतं ते सगळं केलं. प्रत्येक चिमटा सोड्याच्या पाण्यानं धुतला. प्रत्येक बूच उघडून आत पाहिलं. पट्ट्या वर आल्या होत्या, कोरड्या, कडा पांढऱ्या. आठवड्यापूर्वीच पाणी घातलं होतं. कुठं जातंय ते? तिनं पुन्हा घातलं. काच पुसली. काटा रेघेवर होता, केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणजे तिच्याकडून काही चुकत नव्हतं. एवढी एक गोष्ट तिनं एक दिवसही चुकवली नव्हती. बाकी जेवण विसरायची, केस विंचरायचे विसरायची, ही नाही.

चष्मेवाला बागायतदार नऊलाच आला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "माझ्या काढून द्या."

"अजून भरल्या नाहीत."

"असू देत. अर्ध्या भरलेल्या चालतील, फुगलेल्या नकोत."

"उद्याचा एक दिवस द्या," ती म्हणाली.

तो चष्मा काढून पुसत राहिला. "तुमचा नवरा मला सांगायचा, तुम्ही झाडाला पाणी मोजून देता ना, तसंच हेही. मला तेव्हा ते काही कळलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल."

"हो," ती म्हणाली. सांगितलं नव्हतं.

"उद्याचा दिवस," तो म्हणाला. "माझी बाग वाट बघणार नाही."

बारा वाजता लाईट गेली. पत्र्याखाली उभं राहवेना. ती घरात आली आणि जमिनीवर आडवी झाली. फरशी कोमट होती. पंखा बंद. सासूबाई पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या, चार हेलकावे स्वतःला, मग एक तिच्या दिशेनं.

"राहू द्या आई."

"माझा हात चालतोय तोवर चालू दे." पुठ्ठा हलत राहिला. मग त्या म्हणाल्या, "तुझी कळ वाजत नाही."

"कसली कळ?"

"चार्जरची. तो होता तेव्हा वाजायची. मी इथं पडून ऐकायची. काय करणार दुसरं? सकाळी काही नाही. ऊन पत्र्यावर आलं, पत्रा वाजायला लागला, की थोड्या वेळानं टिक, टिक. दोनदा. आणि तिन्हीसांजेला परत दोनदा."

ती उठून बसली नाही. डोळे मात्र उघडले.

"रोज?"

"थंडीत नाही. थंडीत गप्प असायची. पावसाळ्यात कधी एकदा, कधी नाहीच. उन्हाळ्यात मात्र रोज. मी एकदा विचारलं, काय रे वाजवतोस सारखं? तर म्हणाला, आई, उन्हात तुला भूक कमी लागते ना, तसं यांचं. थंडीतलं ताट उन्हाळ्यात वाढलं तर पोट फुगेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला माहीत असेल असं वाटलं." पुठ्ठा थांबला. "आणि तू बोलतेस कुठं, म्हणजे मी सांगणार? दोन महिने झाले, तू हं आणि नाही, एवढंच बोलतेस."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. मडगार्ड वाजत गेलं.

"त्यांनी सांगितलं होतं, हलवू नकोस," ती म्हणाली.

"कधी सांगितलं?"

"जाताना."

"तेव्हा थंडी होती," सासूबाई म्हणाल्या.

पुठ्ठा पुन्हा हलू लागला. ती छताकडे बघत राहिली. मी येईपर्यंत, असंही तो म्हणाला होता. ते तिनं सासूबाईंना सांगितलं नाही.

शुक्रवारी रांग लहान होती. पाच माणसं. कासव होता. त्यानं पंख्याचीच बॅटरी आणली होती.

"ही छान चालली," तो म्हणाला. "पण ही तुमच्या म्हातारीची ना?"

"तुम्ही वापरा."

सहाला लाईट आली. काटा रेघेवर बसला. सात वाजले, आठ वाजले. ती एकेका बॅटरीवर उलटा हात ठेवत गेली. पहिल्यांदा काहीच कळेना. हातावर तेजाबाचे, चटक्यांचे इतके डाग होते की कातडी जाड झाली होती. मग तिनं बोटांची मागची बाजू ठेवली. एक गार. एक गार. एक कोमट. जुन्या आधी तापतात, असं काहीतरी असावं. साडेनऊला पत्रा वाजू लागला. ज्या कोमट होत्या त्या गरम झाल्या, बुडबुड वाढली.

ती कळीसमोर उभी राहिली.

हात कळीवर होता. कळ गार, काळी, मध्ये त्याच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेली. तिनं जोर लावला नाही. दारात कासव बिडी न पेटवता नुसती बोटांत धरून बसला होता. तेजाबाच्या वाफेजवळ काडी ओढायची नाही हे त्याला नवऱ्यानंच शिकवलं होतं.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही."

तिनं कळ डावीकडे फिरवली. टिक. काटा रेघेवरून सुटला. साडेचौदा. टिक. सव्वाचौदा. काटा थरथरला आणि थांबला. रेघ वर तशीच राहिली, तिच्याखाली आता काही नव्हतं.

घरातून सासूबाईंच्या पुठ्ठ्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

हळूहळू बुडबुड उतरली. दहाला बॅटऱ्या तयार झाल्या नाहीत. अकरालाही नाही. रांगेतला एक कुरकुरला, "आज काय चुलीवर भरताय का?" ती म्हणाली, "वेळ लागेल. बाराला या." दोन महिन्यांत रांगेतल्या कुणाला तिनं एवढंही सांगितलं नव्हतं. माणूस परत गेला.

बाराला तिनं प्रत्येक बॅटरी दोन्ही हातांत धरून, डोळ्यांसमोर आडवी करून बघितली. बाजू सपाट होत्या. चष्मेवाल्यानं आपल्या सहाही खिडकीच्या चौकटीवर घासून पाहिल्या, कुठे उंचवटा लागतो का म्हणून. लागला नाही. सहाही फाट्याच्या दिशेला न नेता तो बागेकडे घेऊन गेला.

तिन्हीसांजेला कासव परत आला. पाठीवर टाकी, तोंडाला बांधलेलं फडकं गळ्यात, भुवयांवर पांढरे थेंब वाळलेले. फाटकातच उभा राहून म्हणाला, "अकरा ओळी."

"अं?"

"अकरा ओळी झाल्या. अजून आहे हिच्यात." त्यानं कळ दाबली. पंप गुरगुरला आणि नळीच्या तोंडातून अंगणाच्या मातीवर बारीक तुषार पडले. "मालक खुर्ची उचलून घरी गेला. बघायला काही उरलं नाही त्याला."

तो गेल्यावर तिनं खोलीत जाऊन कळ दोनदा उजवीकडे फिरवली. सकाळी लाईट आली की काटा पुन्हा रेघेवर बसणार होता.

शनिवारी टेम्पो सातलाच फाटकाशी लागला. दीर दोरखंड घेऊन उतरला. अंगणात अकरा माणसं होती. तो त्यांच्यातून वाट काढत खोलीच्या दाराशी आला, फळीवरच्या बॅटऱ्या एकेक करून पाहिल्या, दोन उचलून बाजू चाचपल्या आणि ठेवल्या.

"फुगली का एखादी?"

"नाही."

"काल?"

"काल पण नाही."

"दुरुस्तीला कुणाला बोलावलं होतं का?"

"नाही, भावजी."

तो दाराच्या चौकटीला टेकला. दोरखंड खांद्यावरच होता. "एका दिवसानं काय कळतं," तो म्हणाला. "ऊन अजून चढायचंय. आजच बघा ना." आणि तो तिथंच बसला. जायला त्याला कारण नव्हतं, न्यायलाही नव्हतं.

त्या दिवशी ऊन खरंच जास्त होतं. नऊ वाजायच्या आतच पत्रा वाजू लागला. ती उठली. कळ दोनदा फिरवली. सव्वाचौदा. दीर बघत होता. कासव बघत होता. दहा वाजता ती पुन्हा फळीशी गेली, बोटांची मागची बाजू लावत. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीवर हात थांबला. तिनं तो उचलला, स्वतःच्या कपाळावर ठेवला, पुन्हा बॅटरीवर ठेवला. कपाळ तिला गार लागलं. आपलं कपाळ कसं लागतं हे तिला आठवत नव्हतं.

ती कळीशी गेली.

टिक.

घरातला पुठ्ठा थांबला. "तिसऱ्यांदा?" सासूबाईंनी आतून विचारलं. आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला.

"तिसऱ्यांदा, आई."

"तो दोनदाच करायचा."

काटा चौदावर येऊन थांबला होता. रेघ आता बरीच वर होती, तिच्याकडे बघायला नजर काट्यावरून काढावी लागत होती.

"आज ऊन जास्त आहे," ती म्हणाली.

मग पुठ्ठा हलू लागला. दिरानं खांद्यावरचा दोरखंड काढून मांडीवर घेतला आणि तो गुंडाळत बसला.